नीलेशच्या नावाचा पाळणा

मंगळवार, ३० सप्टेंबर. नवरात्र, अष्टमी

कर्जतच्या बाजारातून आलं ते : वीतभर लाकडी पाळणा, हिरवा-पिवळा रंगवलेला, १८० (सुतार सव्वादोनशे धरून बसला होता). खण ६०. नारळ दोन, ७०. अबोलीची वेणी ३०. लाल दोरा घरचाच. जीप जाऊन-येऊन ८०. देवीचं काम, म्हणून जास्त ताणलं नाही.

जाखमाता खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात आहे. जीप सोडते तिथून चढ. मोबाईल तिथे नुसता घड्याळाच्या कामाचा. देवळामागे उंबर आहे, त्याच्या फांद्यांना बायकांनी बांधलेले पाळणे. मूल झालं की येऊन सोडवायचा. राहिलेले, नवे-जुने सगळे, पुजारी मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला उतरवतो आणि ओढ्यात सोडतो.

नीलेशच्या लग्नाला तीन वर्षं झाली. हर्षला गुणाची पोर आहे. मी तिला कधी बोलून दाखवत नाही, देवीलाच काय ते सांगते. आज तीच यायची होती, पण सकाळी तिला अडचण आली. अष्टमी चुकवायची नाही म्हणून मी एकटी गेले.

पोशा पुजारी आता थकला आहे. सगळं त्याची बायको आनंदीबाई बघते. पोशाने विचारलं, "पालना कोनाच्या नावानं?"

बाहेर बसलेल्या बाईचं नाव तिथे कौलात घेत नाहीत. मी म्हटलं, "माझ्या मुलाच्या. नीलेशच्या."

आनंदीबाईचा हात फुलांवरच थांबला. "बाप्याच्या नावानं? आजवर कोनी बांदला नाय वो."

"घर एकच ना? नवरा काय, बायको काय."

"देवीला नाव लागतं," पोशा म्हणाला. "ज्याचं नाव, त्याच्या अंगावर वझं."

मग त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. मी पदर पसरून म्हटलं, आई, एक जीव दे. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. इतक्या लवकर होकाराचा कौल कधी पाहिला नव्हता. मला आनंदाने रडू आलं.

खाली उतरताना एकदा मागे वळून पाहिलं. वारा नव्हता. बाकीचे पाळणे गप्प होते. आमचा हलत होता. नुकताच बांधलेला, म्हणून असेल.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

भात कापणी चालू. नीलेशने खोपोलीच्या कंपनीतून रजा काढली आहे. भारा डोक्यावर घेऊन अर्ध्या वाटेत बसला. एवढा दांडगा मुलगा, बांधावर हात टेकून बसला.

"काय झालं रं?"

"काय नाय. कंबर धरली."

जेवताना सुकटीचा वास नको म्हणाला. ताट सरकवून ताकभात खाल्ला, वर चिंच मागितली. मी मनात हसले. बायकोला दिवस जाणार असले की काही नवऱ्यांना असं होतं म्हणतात. आमच्या ह्यांना काही झालं नव्हतं. ह्यांना कशानेच काही होत नाही.


मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज जे सापडलं ते लिहिते.

ओला कचरा खड्ड्यात, सुका चुलीत, आणि औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठे मी ठेवते, वाणसामानाच्या याद्यांना बरे पडतात. न्हाणीघराच्या डब्यातलं एक खोकं उलगडलं तर आतून दोन पट्ट्या पडल्या. दिवस गेलेत का ते बघायच्या. जावेच्या मुलीने, अपेक्षाने, एकदा दाखवली होती, म्हणून मला ठाऊक. एकीवर एक रेघ. दुसरीवर दोन, ठळक, कुंकवाच्या काडीने ओढल्यासारख्या.

पहिली खोटी निघाली असणार, म्हणून पोरीने दुसरी लावली. मग कळलं असणार.

देवापाशी तुपाचा दिवा लावला. पट्टी तांदळाच्या डब्यात ठेवली. कोणाला काही म्हटलं नाही. तीन महिने तोंड मिटून बसायचं असतं.


शुक्रवार, १७ ऑक्टोबर. वसुबारस

गाय-वासराला पुजलं. हर्षला पाण्याची कळशी उचलायला गेली, मी हातातून काढून घेतली. सकाळी झाडूही घेतला होता.

"आई, मी काय काचेची हाय का?"

"असू दे गं. आता वाकायचं नाही."

तिने नीलेशकडे बघितलं. तो झोपाळ्यावर पुढे सरकून, पाय लांब करून बसला होता. हल्ली तो खुर्चीत बसत नाही. "तुझी सासू पागल झालीय," तो म्हणाला, "फायदा करून घे." डिंकाचे लाडू केले होते हर्षलासाठी, त्यातले दोन त्यानेच खाल्ले आणि थोड्या वेळाने मोरीवर जाऊन ओकला.

दुपारी सगळे पडले होते. ओटीवर झोपाळ्याची कडी करकरत होती, हळूहळू, मूल जोजवताना वाजते तशी. मी उठून बाहेर गेले. झोपाळा हलत होता, वर कोणी नव्हतं. न्हाणीघराचं दार आतून लावलेलं होतं. नीलेशला हाक मारली तर आतून म्हणाला, "आई, जा ना तू. झोप."


सोमवार, २० ऑक्टोबर. नरकचतुर्दशी

अजून उजाडायचं होतं. पाटावर नीलेश बसला. आमच्याकडे पहिलं तेल आईचं, मग बायको ओवाळते. नेहमीसारखं डोक्यावर तेल घातलं, पाठ चोळली, मग छातीला हात लावला.

"आई गं! हळू!"

मी हात काढला नाही. दोन्ही बाजूंना बोंडांखाली सुजेसारखं होतं, आतून ताठ. बाप्याच्या छातीला असं नसतं. माझी बोटं तिथेच राहिली. हे दुखणं मला ओळखीचं आहे. नीलेश पोटात होता तेव्हा साधा पदर लागला तरी मी अशीच कळवळायचे. तेव्हा सासूबाईंनी बघितलं आणि काही न विचारता ओळखलं होतं.

"जिमची सूज हाय," तो म्हणाला. हा जिमला जाऊन दीड वर्ष झालं.

मांड्यांना तेल लावू दिलं नाही. पंचा गच्च ओढून उठला, दारात जाऊन अंगठ्याने कारीट फोडलं. बिया लांब उडाल्या. "मेला एकदाचा नरकासुर," म्हणून हसला. हर्षला निरांजन घेऊन उभी होती. ती हसली नाही. तीही त्याच्या छातीकडेच बघत होती.

दिवसभर कडवट वास माझ्या हाताला राहिला. तेलाचा की कारिटाचा, कोण जाणे.


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सकाळी हर्षला मागच्या पडवीत जाऊन बसली. तिला अडचण आली होती.

गेलं म्हटलं, देवीने दिलेलं गेलं. तिच्याजवळ बसून रडायला लागले. शिवायचं नसतं तरी तिला धरलं.

"अवो आई, काय झालं? कोण गेलं?"

"गेलं गं तुझं. माझ्यापासून का लपवलंस? मी पट्टी बघितली."

"कंची पट्टी?"

"दोन रेघांची."

तिला हसू आलं, आणि तोंडावरच थांबलं. "आई, ती माझी नव्हती. माझी एका रेघेची. तुम्हाला कौल मिळाला ना, मला धीर निघंना, दिवस भरायच्या आधीच केली. मी रडत होते, म्हणून हे म्हणाले, थांब, मी करतो, बघू कोणाला दिवस गेलेत. पाकिटात दोन होत्या. त्यांनी केली, तर दोन रेघा आल्या. आम्ही लय हसलो. पट्टीच खराब असंल म्हणून टाकून दिली."

"नीलेशची?"

"गंमत होती हो आई."

अंगणात भाताच्या भाऱ्यांवर चिमण्या होत्या. मला पोशाचे शब्द आठवत होते. ज्याचं नाव, त्याच्या अंगावर वझं.

पट्टी तांदळाच्या डब्यातून काढून बघितली. रेघा तशाच आहेत.


रविवार, २६ ऑक्टोबर

ह्यांना मावशीकडे जाते सांगून जाखमातेला गेले. खोटं बोलले, देवाच्या कामाला.

उंबराखाली गेले. बाकीचे पाळणे रिकामे, पानं पडलेली. आमच्या पाळण्यात मातीचा गोळा होता. लिंबाएवढा, गोल, गुळगुळीत, पाळण्याच्या तळाला चिकटलेला. कुंभारमाशीचं घर. मी भिंतींवर, खिडकीत शंभर वेळा पाहिलं आहे आणि झाडूने पाडलं आहे. पाळण्यात कधी पाहिलं नव्हतं.

आनंदीबाई मागून आली. "तुमच्याच पालन्यात भरलंय. मी म्हनलं होतं तुमाला."

मी काठी घेतली. तिने माझं मनगट धरलं. "फोडू नका. आत जीव असतो."

पोशाला म्हटलं, मला नवस मागे घ्यायचा आहे, माझ्या मुलाच्या अंगावरचं उतरव. त्याने पाकळ्या लावल्या. आम्ही बसून राहिलो. सावली पायरीवरून खाली उतरली. एकही पाकळी पडली नाही. ओली पाकळी कधीतरी वाळून पडणारच, पण पडेना.

"आई बोलत नाय," पोशा म्हणाला. "अंगारा घेऊन जा. पोटाला लावा."


सोमवार, २७ ऑक्टोबर

ह्यांना कापसाची गादी पिंजायला टाकायला कर्जतला पाठवलं आणि नीलेशला आत बोलावलं. अंगाऱ्याची पुडी पुढे केली.

"पोटाला लाव."

तो हसला. "कशाला? अपचन झालंय का मला?"

"तुझ्या अंगात काहीतरी वाढतंय. मला माहीत आहे."

त्याचं हसू एकदम गेलं. लहानपणी आरसा फोडला होता तेव्हासारखा चेहरा झाला. "तुला कोणी सांगितलं? हर्षलाला पण माहीत नाय."

"देवीने सांगितलं. पोटात आहे ना?"

"पोटात नाय गं आई," तो खाली बघून म्हणाला. "खाली हाय."

मला काही कळलं नाही. मी त्याला सगळं सांगून टाकलं : पाळणा, नाव, पट्टी तांदळात ठेवली ती, छाती, मातीचा गोळा. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "पट्टी दाखव." दोन रेघांकडे कितीतरी वेळ बघत होता. मग फोन काढून काहीतरी शोधलं, वाचत गेला. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब जमताना मी बघितले.

"हर्षलाला बोलव," म्हणाला.

"काय लिहिलंय त्यात?"

"आई, तिला बोलव ना आधी."

दोघांनी दार लावून घेतलं. मी अंगारा हातात घेऊन बाहेर बसले. आतून हर्षलाचा आवाज आला, मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "चार महिने? चार महिने तू लपवलंस? लाज वाटली? कोणाची लाज, माझी?"


गुरुवार, ३० ऑक्टोबर

कर्जतला डॉक्टर. त्यांनी तपासलं आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं.

लिहायला हात धजत नाही, पण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. नीलेशच्या उजव्या अंडात गाठ आहे. दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच तो गप्प होता.

उजव्या. पाकळीही उजवीच पडली होती.

सोनोग्राफीच्या ओळीत सगळ्या पोटुशा बायका. भिंतीवर पाटी : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. त्यांच्यामध्ये माझा एवढा मुलगा, मांडीवर हेल्मेट धरून बसलेला. सगळ्यांसारखी त्यालाही पाण्याची बाटली दिलेली. शेजारच्या बाईने हर्षलाला विचारलं, "कितवा गं?" हर्षला म्हणाली, "माझा नाय." ती बाई मग माझ्याकडे बघायला लागली.

मला आत घेतलं नाही. पण दार उघडं राहिलं होतं आणि पडद्याच्या फटीतून यंत्राची काच दिसत होती. राखाडी रंगात काळा गोल. अपेक्षाच्या वेळी मी असाच बघितला होता, तेव्हा डॉक्टरबाईंनी हे डोकं म्हणून दाखवलं होतं. इथे कोणी काही दाखवलं नाही. नुसती टकटक चालू होती, मापं घेतल्याची.

बाहेर आल्यावर नीलेश म्हणाला, "जेली लय गार असते राव." हर्षलाने त्याच्या दंडावर मारलं आणि दंड सोडला नाही.


शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

रक्ताचा रिपोर्ट आला. मी मॅट्रिक आहे, आकडे मला वाचता येतात.

दिवस गेल्यावर रक्तात वाढतं त्या द्रव्याचा आकडा २,८४० आहे. खाली छापलं आहे, पुरुष : दोनच्या आत. त्याखाली गरोदर बायकांचा तक्ता, आठवड्यांप्रमाणे. मी बोट ठेवून खाली गेले. नीलेशचा आकडा पाचव्या आठवड्याच्या ओळीत बसतो.

अष्टमीपासून आज पाचवा आठवडा चालू आहे.

कोणाला दाखवलं नाही. संध्याकाळी डॉक्टरांना फोनवर विचारलं, "हे बायकांचंच असतं ना?" ते म्हणाले, "मावशी, काही गाठी तेच द्रव्य तयार करतात. शरीर फसतं. म्हणून छाती सुजते, पट्टीवर दोन रेघा येतात. गाठ जुनी आहे, दोन महिन्यांची तरी." नीलेशही तेच म्हणतो. आषाढात लावणीच्या वेळी त्याच्या हाताला लागली होती म्हणे, वाटाण्याएवढी. वाटलं, बैलाचा गुडघा बसला असेल.

म्हणजे पाळण्याच्या आधीची. तो हे मला बरं वाटावं म्हणून सांगतो. त्याचा स्वभावच तसा आहे.


गुरुवार, ६ नोव्हेंबर. मुंबई

मोठ्या हॉस्पिटलात. नणंदेच्या घरी कळव्याला उतरलो आहोत. ह्यांना आता सगळं सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "माझा पोरगा माझ्याशी बोलला नाय," आणि चपला घालून जिना उतरून गेले. परत आले ते वडापाव घेऊन, सगळ्यांना पुरतील एवढे. स्वतः खाल्ला नाही.

डॉक्टर पोरसवदा आहेत, पण नीट बोलतात. कॅन्सर म्हणाले. शब्द उच्चारला आणि लगेच पुढे म्हणाले, "हा बहुतेक वेळा पूर्ण बरा होणारा आहे. उशीर करायचा नाही, एवढंच." ते अंड काढून टाकावं लागेल, सोमवारी. नंतर कदाचित औषध चढवावं लागेल. औषधाने पुढे मूल होईल-न होईल, म्हणून आधी नीलेशचं बीज काढून गोठवून ठेवायचं.

ह्यांनी मान फिरवली. मीही पदर तोंडाशी नेला. हर्षला सरळ म्हणाली, "ठेवायचं. सही कुठं करू?"

बीज देऊन बाहेर आल्यावर नीलेश म्हणाला, "आई, हसू नको, पण त्या खोलीत भिंतीवर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर होतं. मी त्याला म्हटलं, तू जरा तिकडं बघ."

हसले. हसताना रडले. पण मग माझ्या मनात आलं ते इथेच लिहिते. मी म्हटलं होतं, एक जीव दे. देवीने दिला. नीलेशच्या नावानं दिला. एक त्याच्यात वाढतो आहे आणि एक आता बर्फात ठेवला आहे. दोन्ही त्याच एका पाळण्यात आहेत.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

काल ऑपरेशन झालं. नीलेश ठीक. "एक विकेट पडली," शुद्धीवर येऊन ह्यांना म्हणाला, "मॅच चालू हाय." हे म्हणाले, "गप झोप, नायतर मी पवेलियनमधून हाणीन." बापलेक पाच दिवसांनी बोलले.

गाठ काढून एका डबीत घालून तपासायला नेली. कशी होती, मी विचारलं. सिस्टर म्हणाली, "गोल, आजी. गुळगुळीत. लिंबाएवढी."

पुढे मला काही ऐकू आलं नाही. हर्षलाने पाणी आणलं.


सोमवार, २४ नोव्हेंबर

घरी आलो आहोत. भात झोडून झालं, मांडवाखाली पेंढा रचला. नीलेश उन्हात खाटेवर पडून असतो. छातीची सूज उतरते आहे.

पण आकडा. दोनच्या आत यायला हवा होता. उतरत उतरत साठावर आला आणि तिथेच थांबला. फोटोत पाठीच्या कण्याजवळ दोन बारीक ठिपके दिसतात. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, औषधाच्या तीन फेऱ्या देऊ, पुढच्या सोमवारी पहिली. थांबला म्हणजे अजून कुठेतरी आहे.

हर्षला भाकऱ्या थापताना म्हणाली, "आई, एक सांगू? ती पट्टी तुम्ही पुठ्ठ्यासाठी उलगडली नसती तर आम्ही हसून विसरलो होतो. यांनी उन्हाळ्यापर्यंत पण सांगितलं नसतं."

"ते मी नाही केलं. देवीने केलं."

"मग देवीने वाईट केलं का चांगलं?"

तव्यावरची भाकरी फुगली. मी ती काढून घेतली.


गुरुवार, २७ नोव्हेंबर. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

घट मांडला, कहाणी वाचली. नीलेशने बसून ऐकली. केस आधीच बारीक करून घेतले आहेत, लक्ष्मीपुढे मुंजीतल्या बटूसारखा दिसत होता.

पुढच्या गुरुवारी पौर्णिमा. पोशा पाळणे उतरवेल आणि ओढ्यात सोडेल. आम्ही रविवारीच मुंबईला निघतो, पहिली फेरी पाच दिवसांची. मला वर जाता येणार नाही. जीपवाल्याकडे निरोप द्यावा तर हा निरोप कसा द्यायचा? म्हणून पत्र लिहिलं. नक्कल इथे ठेवते.

"सौ. आनंदीबाई यांस सप्रेम नमस्कार.

अष्टमीला मी नीलेशच्या नावानं पाळणा बांधला ते तुम्हाला आठवत असेल. हिरवा-पिवळा, उंबराच्या ओढ्याकडच्या फांदीला. माझा मुलगा आजारी आहे. त्याच्या अंगात गाठ झाली, कॅन्सरची. ऑपरेशन करून काढली, पण मूळ राहिलं आहे. सोमवारपासून मुंबईला औषध चढवणार आहेत. डॉक्टर चांगले आहेत आणि बरा होईल म्हणतात. सून म्हणते, देवीने वेळेवर कळवलं. तसंच असेल.

माझी अडचण अशी. पाळणा ओढ्यात सोडला आणि वझं त्याच्याबरोबर वाहून गेलं तर फार चांगलं. पण आम्ही त्याचं बीज हॉस्पिटलात राखून ठेवलं आहे, पुढे माझ्या सुनेची कूस भरावी म्हणून. पाळण्याबरोबर तेही वाहून जाईल का? आणि पाळणा राहू दिला तर मूळ तसंच राहील का? रात्रंदिवस हेच मनात येतं. घरात कोणाशी बोलता येत नाही. मला फक्त मुलगा हवा आहे. त्याच्यापुढे मला नातवंडही नको, असं देवीला माझ्या वतीने सांगा. मग पोशाबाबांना माझ्यासाठी एकदा कौल लावू द्या. नाव आता नीलेशचं घेऊ नका. माझं घ्या. जे वझं असेल ते माझ्या अंगावर.

आणि उतरवण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन पाळण्यात बघा. त्यात कुंभारमाशीचा मातीचा गोळा होता. तुम्ही फोडू दिला नाहीत, ते बरं केलंत. आतला जीव मोठा झाला की तो भोक पाडून उडून जातो, माती रिकामी राहते, एवढं मला माहीत आहे. आता थंडी पडली. गोळा अजून बंद आहे, की भोक पडलं आहे, ते हात न लावता बघा.

पत्र तुमच्या मुलीकडूनच वाचून घ्या, दुसऱ्या कोणाकडून नको. सोबत कळव्याचा पत्ता लिहिलेलं कार्ड जोडलं आहे, तिकीट लावायची गरज नाही. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल. गोळा भरलेला आहे की रिकामा, एवढा एक शब्द उलट टपाली कळवा."